‘जुनं मशीन अडकवून ठेवलं, बिल फुगवलं’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा,

एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. पण तुम्ही लिहिलंय की वडिलांचं स्टिल ०७० (स्टिल कंपनीची पेट्रोलवर चालणारी, लाकूड कापायची चेनची करवत) मी दोन-अडीच महिने अडकवलं, ऑनलाइन स्वस्तात मागवलेला पिस्टन बसवायला नकार दिला, न विचारता ऑईल सील (इंजिनच्या दांड्याभोवती हवा-ऑईल अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलले आणि एवढं करून मशीन धूर मारतंय. सांगली-मिरजेत अशी जुनी वुडकटर मशिनं बाळगणारे बरेच आहेत, तेही हे वाचतील. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टिलने १९५९ साली ‘कॉन्ट्रा’ काढलं. त्यात गिअर नव्हता, क्रँकवरच्या (इंजिनच्या फिरत्या दांड्यावरच्या) क्लचवरून चेन थेट फिरायची. ०७० त्याच घराण्यातलं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४० मिमी, म्हणजे जवळजवळ १०६ सीसीचं इंजिन हातात धरून लाकूड कापायचं. (याच कंपनीची पहिली पेट्रोल करवत १९२९ ची, आपला सांगलीचा आयर्विन पूलही त्याच सालचा. पुलाला पिस्टन लागत नाही, एवढं बरं.)

आता पिस्टन. ०७० च्या नावाने बाजारात डुप्लिकेट मशिनांचा सुळसुळाट झालाय आणि सुटे भागही त्यांचेच जास्त मिळतात. सगळेच टाकाऊ असतात असं मी म्हणत नाही. स्टार्टरची दोरी, हँडल, एअर फिल्टर मी स्वतः डुप्लिकेट बसवतो आणि बिलावर तसं लिहितो. तुम्ही आणलेल्या पिस्टनच्या रिंगच्या खाचेत मात्र बर (धातूची खरखरीत कड) तशीच होती आणि पिनचं लॉक (पिन जागेवर धरणारी तारेची कडी) बोटाने फिरत होतं. ते लॉक चालू मशीनमध्ये सुटलं की सिलिंडरला उभा चर पाडतं. मग पिस्टन राहिला बाजूला, सिलिंडरच शोधत बसायचं.

‘कुपवाडला लेथवर बोअर मारून (सिलिंडर आतून कातून) मिळालं असतं’ असंही लिहिलंय. गाडीचा बिडाचा सिलिंडर असता तर मीच पाठवला असता. हा अॅल्युमिनियमचा आहे, आत कडक क्रोमचा पातळ थर. बोअर मारला की तो थर गेला आणि सिलिंडर भंगारात. सायलेन्सर काढल्यावर त्या बाजूला पिस्टनचं अॅल्युमिनियम भिंतीला चिकटलेलं तुम्हाला दाखवलं होतं, आठवत असेल. ते अॅसिडचा बोळा फिरवून सावकाश काढलं. खालचा क्रोम शाबूत निघाला म्हणून तुमचा मूळ सिलिंडर वाचला. बिलात ही मजुरी ‘साफसफाई’ म्हणून लावली आहे, नव्या सिलिंडरच्या मानाने ती काहीच नाही.

सीलबद्दल तुमचा राग जास्त दिसतो. पिस्टन जाम का झाला, हे न बघता नवा घालायचा आणि पुढच्या हंगामात परत जाम करायचा, हा धंदा मला जमत नाही. इंजिनची दोन्ही तोंडं बंद करून आत हवा भरली, तर दाबाच्या मीटरचा काटा उतरत होता. साबणाचं पाणी लावल्यावर फ्लायव्हीलच्या मागून बुडबुडे आले. म्हणजे सील गळका. तिथून फुकटची हवा आत जाते, पेट्रोल-ऑईल कमी पडतं, पिस्टन तापून धरतो. सील बदलण्याआधी फोन केला होता. तुमच्या धाकट्या भावाने उचलला आणि ‘करून टाका’ म्हणाले. घरात बोलणं झालं नसेल तर तो विषय तुमच्या दोघांतला.

वेळ लागला तो चांगल्या पिस्टनला आणि पॉइंट सेटला (प्लगला ठिणगी देणाऱ्या जोडणीला). जुना माल शोधायचा तर मॉडेलच्या नावावर भागत नाही, भागाचा नंबर लागतो. ०७० आणि ०९० दोन्हींचे नंबर ११०६ ने सुरू होतात, त्यामुळे ‘बसतंय की’ म्हणून काहीही गळ्यात मारतात. ०९० चा बोअर ६६ मिमी आहे, त्याचा पिस्टन तुमच्या मशीनला कसा बसणार? शेवटी पिस्टन एका लाकूड वखारीतल्या बंद पडलेल्या मशीनमधून काढून, मोजून घेतला. पॉइंट दांडेलीकडच्या एका जुन्या मेकॅनिककडून आले. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक चिप बसते, ते मी सुचवलं होतं. ‘वडिलांचं होतं तसंच पाहिजे’ हे तुमचेच शब्द. मला ते पटलंही, पण त्याला वेळ लागतो.

धूर येतोय तो बरोबर येतोय. पेट्रोलमध्ये मिसळायच्या साध्या टू-स्ट्रोक ऑईलला प्रमाण १:२५, म्हणजे लिटरला ४० मिली. धूर कमी व्हावा म्हणून ऑईल कमी करू नका. आणि पेट्रोल टाकीत ठेवून मशीन माळ्यावर टाकू नका. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं (आपल्याच उसाचं, बोलायची सोय नाही). ते पाणी ओढतं आणि जुन्या कार्बोरेटरचे डायफ्राम (आतले पातळ पडदे) खराब करतं. तुमचा डायफ्राम काढला तेव्हा पापडासारखा वाजत होता. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.

नवी चेन घेणार आहात असं भाऊ म्हणाले. घेण्याआधी लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून दोनने भागा. १०.२६ मिमीच्या आसपास आलं तर चेन .४०४ इंची, साडेनऊ मिमी आलं तर ३/८ इंची. तुमच्या स्प्रॉकेटला (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाला) .४०४ च लागते. दुकानदार ‘चालतंय’ म्हणाला तरी दुसरी घेऊ नका, स्प्रॉकेटचे दात जातील. आणि या मशीनला चेन ब्रेक (मशीन उसळलं की चेन थांबवणारा ब्रेक) नाही, हे भावालाही सांगा. चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या टोकाने कापायला जाऊ नका, मशीन उसळून अंगावर येतं.

जुना पिस्टन आणि दोन्ही सील पिशवीत घालून मशीनच्या पेटीतच ठेवलेत. कुठल्याही दुसऱ्या फिटरला दाखवून खात्री करून घ्या.