ब्रॉन्क्सचा किल्ला आणि गिरणगावचा वाटा

मुंबईत जुनी वास्तू चर्चेत आली की तट ठरलेले. एक म्हणतो वारसा जपा, दुसरा म्हणतो पाडा आणि घरं बांधा. न्यूयॉर्कला राहायला आल्यापासून हे भांडण मला अर्धवट वाटतं. त्याला कारण इथल्या ब्रॉन्क्स भागातली किंग्जब्रिज आर्मरी, म्हणजे सैनिकांच्या कवायतीची आणि शस्त्रं ठेवायची इमारत.

नॅशनल गार्डसाठी, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्यदलासाठी बांधलेली ही इमारत १९१७ मध्ये पुरी झाली. रस्त्याच्या बाजूला लाल विटांचे गोल बुरूज, वर टोकदार छपरं. मागे कवायतीचं दालन, ३०० फूट रुंद आणि ६०० फूट लांब, मध्ये खांब एकही नाही. पलटण वळताना खांब आडवा आला तर कवायत कसली! म्हणून सगळं छप्पर पोलादी कैच्यांवर तोललंय. बुरुजांना मात्र कवायतीशी देणंघेणं नाही. १८७७ च्या रेल्वे संपानंतर अमेरिकेतल्या शहरांत अशा आर्मऱ्या भराभर उठल्या. किल्ल्याचा थाट संपकऱ्यांना वचक बसावा म्हणूनही होता.

१९९० च्या दशकात ही आर्मरी शहराच्या ताब्यात आली. १९७४ पासूनच संरक्षित, त्यामुळे पाडायचा प्रश्न नव्हता. मग आत मॉल करायचं ठरलं आणि वाद थेट पगारावर आला. आतल्या दुकानांतल्या कामगारांना सोयीसवलतींसह तासाला किमान १० डॉलर द्या, असा स्थानिकांचा आग्रह. विकासक मानेना. डिसेंबर २००९ मध्ये नगरपरिषदेनं ४५ विरुद्ध १ मतांनी मॉल फेटाळला. संपकऱ्यांना धाकात ठेवणाऱ्या वास्तूत हे घडावं, याची मला गंमत वाटते.

पुढे आइस स्केटिंगच्या रिंगणांची योजना आली, तीही बारगळली. रिकाम्या दालनातून कुणाला पगार मिळत नाही, हा टीकाकारांचा मुद्दा खोडून काढणं सोपं नाही. तरी मी पगाराचा आग्रह धरणाऱ्यांच्याच बाजूचा.

कारण गिरणगाव. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे पुनर्विकास होणाऱ्या गिरणीच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे होते: मोकळी जागा, सार्वजनिक घरं, मालक. २००१ च्या दुरुस्तीनं वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती दुरुस्ती मान्य केली. आपण गिरण्यांची धुराडी वाचवायची की नाही यावर लेख लिहीत होतो, तोवर एकराचे हिशेब एका उपकलमात मिटले. गिरण्यांच्या जागी झालेल्या मॉलच्या दारात उभ्या राहणाऱ्या सुरक्षारक्षकाला महिना किती मिळणार, हे तेव्हा सभागृहात कुणी विचारलं होतं का?