बोनसचा नियम राहिलाच की!
अमेरिकन बेसबॉलमधला पिचर (आपल्याकडचा गोलंदाजच म्हणा) सँडी कूफॅक्सला ‘पहिली सहा वर्षं चेंडूवर ताबाच नव्हता’ असं तुमच्या लेखात म्हटलंय. खरंय, पण करारावर सही करताना १४ हजार डॉलर बोनस घेऊन तो डॉजर्स संघाकडे आला, आणि ४ हजारांच्या वर बोनस घेणाऱ्याला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवायचं बंधन होतं. खालच्या लीगमध्ये हात बसवायची सोयच नाही! १९५५ च्या अख्ख्या मोसमात जेमतेम १२ सामने. मीही क्रिकेट क्लबात दोन मोसम बारावा म्हणून पाण्याच्या बाटल्या नेल्यात. नेटमध्ये दांडी उडवणारा हात सामन्यात थेट वाईड टाकतो.

आणि १९६१ च्या सराव सामन्यात त्याला ‘जरा जोर कमी कर’ म्हणणाऱ्या कॅचर (यष्टिरक्षकासारखा) नॉर्म शेरीचं नाव तरी घ्यायचंत. त्याच वर्षी कूफॅक्सचे १८ विजय, २६९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज).