बूच हुंगून काय होतं, भाऊ?

कॉलनीचा, ऑफिसचा आणि मावसबहिणीच्या लग्नासाठी काढलेला, अशा माझ्या तिन्ही व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच मेसेज फिरून राहिला: ‘हॉटेलात वाइन मागवताना अडाणी दिसायचं नसेल तर हे करा.’ काय करा? रेड नेहमी रूम टेंपरेचरला मागा. बूच हुंगा. ग्लासातले ओघळ पाहून दर्जा ओळखा. फिरकीच्या झाकणाची बाटली नाकारा. चव आवडली नाही तर बाटली परत पाठवा. मटणासोबत रेडच घ्या. आणि यादीतली दुसरी सर्वांत स्वस्त वाइन चुकूनही घेऊ नका, त्यातच हॉटेलवाला कापतो.

रूम टेंपरेचरपासूनच सुरू करतो, कारण त्याचा फटका मी खाल्लाय. हा नियम ज्या युरोपातून आला तिथल्या जुन्या घरातली खोली म्हणजे १६ ते १८ अंश. आपल्या नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. धरमपेठेतल्या एका हॉटेलात मी ऐटीत ‘थंड नको’ म्हणालो आणि काउंटरमागच्या फळीवरची, दिव्याखाली तापलेली बाटली आली. पहिल्या घोटाला आजीचा काढा आठवला. आता मी सरळ बकेट मागतो. नुसता बर्फ नाही, बर्फात पाणीही, म्हणजे बाटली सगळीकडून गार होते. रेडला १०-१५ मिनिटं पुरतात. व्हाइट ८ ते १२ अंशांवर छान लागते, म्हणून ती जास्त वेळ ठेवायची. वेटर हसला तर हसू द्या.

बूच हुंगून बुचाचाच वास येतो. ते पाहायचं असतं. बाटलीच्या तोंडातून वर सरकलंय का, वेष्टणाखाली चिकट ओघळ आहे का? तसं असेल तर बाटली बहुतेक ट्रकमध्ये किंवा गोदामात तापलीय. आपल्या गावात हा धोका खरा.

वेटर आधी घोटभर चाखायला ओततो तेही बाटली बिघडली का, हे कळावं यासाठीच. ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या गोणपाटाचा वास आला तर बूच बिघडलंय. टीसीए नावाच्या रसायनाचा तो प्रताप. व्हिनेगरसारखी झोंबली किंवा शिजवलेल्या फळासारखी लागली तरी बिनधास्त परत करा. पण ‘मला गोड वाटली होती, ही तुरट निघाली’ हे कारण नाही. आधी विचारायचं होतं.

ग्लासातल्या ओघळांचं म्हणाल तर ते अल्कोहोल आणि साखर किती याचा अंदाज देतात. दर्जा त्यात दिसत नाही.

फिरकीचं झाकण हलक्या मालाचं, हा समज तर फारच जुना. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीच्या, रीसलिंग नावाची व्हाइट वाइन करणाऱ्या काही जणांनी २००० सालच्या वाइनपासून ठरवून बूच सोडलं, न्यूझीलंडच्या बहुतेक बाटल्या तशाच येतात, आणि नाशिकच्याही कितीतरी. बूचच नाही तर ते बिघडणार कुठून?

आता मटण. विलायती भाजलेल्या मटणासोबत रेड जमते, वाद नाही. पण सावजीची तर्री जिभेवर असताना कडक, तुरट रेड प्यालात तर जाळ वाढतो. अल्कोहोल तिखटाची आग भडकवतं आणि रेडचा तुरटपणा त्यात भर घालतो. मी तिथे नाशिकची किंचित गोडसर, चांगली गार शेनिन ब्लाँ घेतो. मटणासोबत व्हाइट पाहून कुणी नाक मुरडलं तर त्याला आधी रस्सा वाढावा.

दुसऱ्या स्वस्त वाइनबद्दल लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ससेक्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये लंडनमधल्या याद्याच तपासल्या. टक्क्यांत पाहिलं तर जास्त नफा यादीच्या मधल्या भागात निघाला, दुसऱ्या नंबरवर नाही. नागपूरचे भाव वेगळे असतील, पण लाजेपायी दोन ओळी खाली सरकायची गरज नाही.

मेसेजात नसलेला एक प्रश्न मात्र मी हटकून विचारतो, ग्लासानं घेत असेन तर: ‘भाऊ, ही बाटली कधी उघडली?’ ७५० मिलीची बाटली म्हणजे १५० मिलीचे पाचच ग्लास. गर्दीच्या हॉटेलात त्या संध्याकाळीच संपतात, नाहीतर उघडी बाटली पडून राहते आणि चव उतरते. वेटर उत्तराआधी कॅप्टनकडे पाहायला लागला, की मी बिअर सांगतो.