चौकोनांवरच्या बाहुल्यांना एवढे पैसे?

संगणकावरच्या, पाळीपाळीने चाली करायच्या युद्धखेळांबद्दल पुन्हा तोच प्रश्न! विचारणारा कोण? शनिवारी रात्री कळंगुटला तेवढेच पैसे दोन तासांत उडवणारा! चित्रं जुनाट दिसतात म्हणून खेळ फुकटात हवा? बुद्धिबळाच्या पटाला कधी ग्राफिक्स विचारलेस?

'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' १९९९ सालचा. एकच सांगाडा मुद्दाम पुढे मरायला पाठवायचा, शत्रूच्या तुकडीने त्या फेरीतला एकुलता एक प्रतिहल्ला त्याच्यावर खर्च केला की मग खरी फौज घुसवायची. हे डोकं लढवायला फोंड्यातला अख्खा पावसाळा अपुरा पडतो. आणि याला महाग म्हणता?

चिडायचंच तर त्याच खेळाच्या २०१५ च्या एचडी आवृत्तीवर चिडा! जुन्याच खेळाला रंगसफेदी केली आणि दोन्ही विस्तार, म्हणजे मूळ खेळाला नंतर जोडलेले भाग, गाळून विकला. तिथे का नाही तोंड उघडत? नवे खेळ तर तुकड्यातुकड्यांनी विकतात, आज एक जमात, उद्या दुसरी. ती लूट बिनबोभाट चालते!

खिशात दमडी नसेल तर याच जातीचा 'बॅटल फॉर वेसनॉथ' २००३ पासून मोफत आहे. उतरवून घ्या, खेळा. पण मुठभर लोक वर्षानुवर्षं राबून असा खेळ घडवतात, त्यांच्याशी मासळीबाजारातल्यासारखी घासाघीस करू नका.