मोरपंखी की हस्तिदंती?

गेले तीन आठवडे आमच्या घरात एकच भांडण. आतल्या खोलीला मोरपंखी द्यायचा की हस्तिदंती? नवरा हस्तिदंतीवाला. "आधीच उजेडाची बोंब, त्यात गडद रंग म्हणजे गुहा होईल." मी मोरपंखीवाली. आता रंग देऊन झालाय, म्हणून निवांत लिहिते.

आधी आमचा गाढवपणा सांगते. जुन्या गुलाबी भिंतीवरच दोन्ही रंगांचे वीतभर पट्टे मारले, तर हस्तिदंती चक्क हिरवट दिसायला लागला! डबा चुकीचा आला म्हणून मी तणतणले. डबा बरोबर होता. शेजारचा रंग आपल्या रंगाला उलट्या दिशेला ढकलतो, गुलाबीशेजारी म्हणून हिरवट. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1839 मध्ये यावर अख्खा ग्रंथ लिहिलाय. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भित्तिपट विणणारे तक्रार करायचे, काळा धागा फिका दिसतो. धाग्यात खोट नव्हती, शेजार वाईट होता.

मग दोन मोठे पुठ्ठे घेतले, दोन-दोन हात मारले, पूर्ण वाळू दिले (इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग, वाळला की गडद होतो, ओल्यावर भुलू नका) आणि दोन दिवस खोलीभर फिरवले. खिडकीपाशी हस्तिदंती सुरेख. कपाटामागच्या कोपऱ्यात तोच पुठ्ठा धुवून विटलेल्या चादरीसारखा. फिका रंग स्वतः उजेड देत नाही हो, मिळालेला परत फेकतो. मिळालाच नाही तर काय फेकणार? मोरपंखी त्याच कोपऱ्यात उलट भारदस्त दिसला, कारण त्याचं उजेडावाचून फारसं अडत नाही.

आणि ती खोली आम्ही वापरतो रात्री, वाचायला. 2700 केल्विनच्या (उजेडाचा रंग मोजायचं एकक, दिव्याच्या खोक्यावर असतं) पिवळ्या दिव्यात मोरपंखी मऊ, हिरवाईकडे झुकलेला. 6500 च्या पांढऱ्या दिव्यात मात्र दोन्ही रंगांवर दवाखान्याची कळा. तो दिवा आधी काढला.

मोरपंखीचे नखरेही आहेत. दोन हातांत भागलं नाही, तिसरा द्यावा लागला. खुर्ची घासली की पांढरा ओरखडा लांबून दिसतो. मॅट, म्हणजे बिनचमकीचा, घेतला म्हणून पुट्टीचे उंचसखल तरी झाकले गेले.

छत नवऱ्याने हट्टाने हस्तिदंतीच करून घेतलं. आता मोरपंखी भिंतींच्या शेजारी ते जरा नारिंगी दिसतं. तो रोज मान वर करून म्हणतो, डबा चुकीचा आला. डबा बरोबर आहे, मी पाहिलाय.