नवतप्यातली 22 किलोंची बॅग

मावसबहिणीचं लग्न नागपूरला, 27 मेला ठरलं. बायको म्हणाली, "मेमध्ये? नागपूर?" मावशीला मात्र त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. उलट ती खुशीत होती. "नवतपा आहे न, म्हणून तर एवढा चांगला हॉल मिळाला."

नवतपा म्हणजे साधारण 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो, तिथपासूनचे नऊ दिवस. या दिवसांत विदर्भातला शहाणा माणूस अकरा ते पाच दाराला कडी लावून बसतो. आम्ही त्याच दिवसांत पैठणी नेसून तिकडे जाणार होतो. म्हणजे पैठणी बायको नेसणार होती, मी बॅग उचलणार होतो.

काय काय आणू, असं मावसभावाला विचारलं.

"दुपट्टा आण एक. सुती."

"आणि?"

"आणि काही नाही बे. मोठा पाहून आण."

फुकटचा सल्ला एवढा थोडक्यात मिळाला तर पुणेकराला तो खरा वाटत नाही. शिवाय दुपट्टा ही बायकोच्या कपाटातली वस्तू, असं माझं तोवरचं ज्ञान. मी इंटरनेटवर यादी शोधली. ती कुणा गोऱ्या माणसाने केली असावी आणि त्याचा उन्हाळा 30 अंशांत आटोपत असावा. हाफ पँट, बिनबाह्यांचे शर्ट, उघड्या चपला. थोडक्यात, जेवढं अंग उन्हाला देता येईल तेवढं द्या. मी दोन हाफ पँटी घेतल्या, वेताची टोपी घेतली, गळ्यात अडकवायचा बॅटरीवरचा पंखा घेतला. सनस्क्रीनवर 50 आकडा पाहिला आणि निर्धास्त झालो. मला वाटलं, 50 अंशांपर्यंत चालत असेल.

मग आई आली. तिने बॅगेच्या चारही कोपऱ्यांत एकेक कांदा ठेवला, वास्तुशांतीला ठेवावा तसा. वर दोन डझन हापूस. "अजून तीन दिवस लागतील पिकायला, लग्नानंतर खा." बायकोच्या साड्या आणि माझे लग्नात घालायचे चकचकीत बूट कोंबल्यावर वजन भरलं 22 किलो. दुपट्टा राहिला.

रात्रीची गाडी, डबा वातानुकूलित, त्यामुळे सकाळपर्यंत मी नागपूरला घाबरणाऱ्यांना हसत होतो. स्टेशनात दार उघडलं. निखाऱ्यावर धरल्यावर पापडाला काय वाटत असेल ते कळलं. पण अंग कोरडं! मी मावसभावाला म्हटलं, "उगाच नावं ठेवतात रे. मुंबईत आत्तापर्यंत शर्ट पिळावा लागला असता. इथे घामच येत नाहीये."

"येऊन राहिला बे. वाळून राहिला."

स्टेशनबाहेर दुचाक्यांवर बाया-पुरुष सगळे डोक्यापासून मानेपर्यंत दुपट्टा गुंडाळलेले, वर गॉगल, पूर्ण बाह्या, काहींच्या हातात मोजे. दरोडेखोरांचं संमेलन भरावं आणि त्यात एकच प्रतिनिधी गुडघे उघडे टाकून यावा, तसा मी उभा. सगळं शहर ऊन अंगाला लागू देत नव्हतं आणि मी पैसे मोजून ते लावून घेण्याची सोय केली होती. गळ्यातला पंखा सुरू केला. शरीर 37 अंशांवर, हवा सकाळीच त्याहून गरम, आणि पंखा ती हवा नेमाने तोंडावर आणून सोडत होता. तो मी दुसऱ्या मिनिटाला बंद केला.

घरी बॅग उघडली. तीन दिवसांनी पिकणारे आंबे एका रात्रीत पिकून बसले होते. चोवीसच्या चोवीस. दुपारी तातडीने आमरस झाला. कांदे मावशीने पाटवडी-रश्शाला घेतले. म्हणजे आईनेच भरलेल्या दोन वस्तू सत्कारणी लागल्या, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

जेवताना मावसभाऊ नागपूरच्या उन्हाचं कौतुक सांगत होता. 2024च्या मेअखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले होते. सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्याने पुढे स्पष्ट केलं. ते सांगताना त्याचा चेहरा शतकाला दोन धावा कमी पडल्यासारखा झाला.

खरा घात बुटांनी केला. मुहूर्त 11:47चा. बूट हॉलवर चढवू म्हणून गाडीच्या डिकीत ठेवले आणि गाडी तासभर उन्हात. घालून चार पावलं टाकली तर उजवा तळ मागे राहिला. डावा अक्षतांपर्यंत टिकला. मी पाय फरपटत आत शिरलो, तर एका आजींनी खुर्ची दिली आणि कधीपासून त्रास आहे म्हणून विचारलं. नवऱ्याचे जोडे पळवायला टपलेल्या करवल्यांनी घाईत आधी माझे उचलले, उलटे करून पाहिले आणि जागच्या जागी ठेवून दिले.

संध्याकाळी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोची गाठला. त्याने बूट नुसता हुंगल्यासारखा पाहिला. "चिकटवलेला आहे न भाऊ. इथं शिवलेला पाहिजे." मावसभावाने दोन शब्दांत दिला तसाच हाही सल्ला, पण आता मी ऐकायला शिकलो होतो. तिथेच शेजारच्या दुकानातून पांढरा सुती दुपट्टाही घेतला. मोठा पाहून.

रात्री आम्हाला कूलरसमोरची जागा मिळाली. पाहुण्यांचा मान. नागपुरी कूलर म्हणजे खिडकीबाहेर बसवलेलं लोखंडी कपाट. त्यात नुकताच नवा वाळा भरलेला, टाकी काठोकाठ. हवा कोरडी, म्हणून वाळ्यावरचं पाणी भराभर उडतं आणि आत गारवा येतो. कोकणात हेच यंत्र नुसता दमटपणा वाटत बसेल. त्याचा आवाज विमानासारखा असला तरी वाळ्याचा वास असा, की नाक भरून घेता घेता झोप लागली.

पहाटे तीनला जाग आली ती दात वाजल्यामुळे. कूलर बंद करावा तर खोलीत आणखी नऊजण सुखाने घोरत होते, शिवाय बटण मावशीच्या उशाशी. 22 किलोंच्या बॅगेत चाचपडलो. हाफ पँटी लागल्या, टोपी लागली, पंखा लागला. चादर कुणीच भरली नव्हती.

बायकोने केव्हाच दुपट्टा ओढून घेतला होता. मी पैठणी पांघरली.