नेहरूंशी भांडावं कसं, हे पुण्याला विचारा

नोव्हेंबर उजाडला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन नेहरू फिरायला लागतात. एक गुलाबवाले चाचा, ज्यांचं आयुष्यात कधी काही चुकलं नाही. दुसरे, देशातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ. परवा पाण्याचा टँकर उशिरा आला, तर तेवढ्यावरून एका काकांनी थेट नेहरूंपर्यंत मजल मारली. मला दोन्ही मंडळींचा सारखाच कंटाळा येतो. कारण हे सगळं चाललंय पुण्यात, आणि नेहरू हयात असताना, सत्तेच्या शिखरावर असताना त्यांच्याशी समोरासमोर भांडलेल्या शहरांत पुण्याचा नंबर फार वरचा आहे.

मुंबईसह मराठी राज्य मागणारी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आठवा. मुंबई महाराष्ट्राला द्यायची दिल्लीची तयारी नव्हती. आपले काकासाहेब गाडगीळ, पुण्याचे काँग्रेसचे खासदार, नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात बसलेला माणूस. त्यांनी लोकसभेत उभं राहून सरकारला बजावलं की, या प्रश्नाचा निकाल मुंबईच्या रस्त्यावर लागेल. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते. मुंबईत या चळवळीतल्या लोकांवर झालेल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी हा त्यांचा आग्रह मान्य झाला नाही, आणि १९५६ मध्ये त्यांनी अर्थखातं सोडलं. आज कोण सोडेल, हा प्रश्न विचारून मी कुणाचा रविवार खराब करत नाही.

१९५७ ची निवडणूक आली. पश्चिम महाराष्ट्रात विरोधी पक्षांच्या संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची धूळधाण उडवली. पुण्यातून नानासाहेब गोरे निवडून आले. गंमत बघा, गाडगीळ दिल्लीत पुण्याच्या मनातलंच बोलले होते, तरी चिन्ह काँग्रेसचं म्हणून पुणेकरांनी त्यांनाही घरी बसवलं. आणि गोरे आले कुठून, तर पोर्तुगीजांच्या तुरुंगातून. १९५५ च्या मे महिन्यात सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते गोव्यात घुसले होते. गोवा विमोचनाचं बरंचसं काम पुण्यातूनच हलत होतं. त्या वर्षी १५ ऑगस्टला पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, माणसं मेली, आणि त्यानंतर नेहरूंनी सत्याग्रहच थांबवायला लावला. गोवा सुटला डिसेंबर १९६१ मध्ये. मधली सहा वर्षं नेहरूंनी जगाला काय वाटेल याचा विचार करण्यात घालवली, असं माझं मत आहे. पुण्यातल्या समाजवाद्यांचंही तेव्हा साधारण हेच होतं.

त्याच १९५७ मध्ये, ३० नोव्हेंबरला, प्रतापगडावर शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण नेहरूंच्या हस्ते ठरलं. समितीने निदर्शनं जाहीर केली. वाईकडून पसरणीचा घाट आणि पलीकडे पोलादपूरची बाजू, दोन्हीकडे हजारो माणसं काळे झेंडे घेऊन उभी राहिली. त्यात माझे आजोबा होते. बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. त्यांचा झेंडा म्हणजे मोडक्या छत्रीचं कापड उसवून काठीला बांधलेलं. मधोमध छत्रीच्या दांड्याचं भोक तसंच होतं, आणि कडेला काड्या अडकवायच्या दोऱ्या लोंबत होत्या. किस्सा सांगताना ते फार रंगवायचे नाहीत. गाडी दिसली, घसा बसेपर्यंत ओरडलो, रात्री परत आलो, सकाळी कामावर. लाठी नाही, गोळी नाही. पंतप्रधानांना त्यांच्याच कार्यक्रमाच्या रस्त्यावर काळे झेंडे दाखवून माणसं सुखरूप घरी आली.

शिवरायांवरून राग जुना होता, तोही खोटा नव्हता. नेहरूंनी तुरुंगात लिहिलेल्या जगाच्या इतिहासाच्या पहिल्या आवृत्तीत महाराजांविषयी चुकीचा मजकूर होता. महाराष्ट्रातून टीका झाल्यावर त्यांनी तो नंतर बदलला. फॉरवर्डमध्ये यातला पहिला भाग असतो, दुसरा नसतो.

मला म्हणायचंय ते हे, की नेहरूंचा वारसा मोजायचा तर पुतळे आणि रस्त्यांच्या पाट्या मोजून उपयोग नाही. त्यांच्या विरोधात गेलेल्या माणसांचं पुढे काय झालं, ते बघा. १९५७ च्या निवडणुकीत मराठी-गुजराती मिळून केलेल्या द्वैभाषिक मुंबई राज्यात काँग्रेसची सत्ता टिकली ती गुजरात, विदर्भ, मराठवाड्याच्या जोरावर. म्हणजे मनात आणलं असतं तर 'बहुमत आहे' म्हणून रेटून नेता आलं असतं. १९५९ मध्ये इंदिरा गांधी पक्षाध्यक्ष असताना काँग्रेसने फेरविचार केला, नेहरू आपल्या हट्टावरून खाली आले आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. उशीर झाला, शंभरावर माणसं गेली, ते रक्त त्यांच्या खात्यातून पुसलं जाणार नाही. आणि त्याच १९५९ मध्ये केरळातलं निवडून आलेलं सरकार त्यांच्याच सरकारने बरखास्त केलं, तेव्हा त्यांना लोकशाहीचा देव वगैरे करायला मी जाणार नाही. पण ज्यांना आपण पाडलं, ते आपलं ऐकतात, हा अनुभव महाराष्ट्राने त्यांच्या काळात घेतला.

दुसरी बाजू. ज्या शहराशी त्यांचं एवढं वाजलं, त्याच शहरात त्यांच्या कारकिर्दीत काय काय उभं राहिलं? खडकवासल्याला लष्करी अधिकारी घडवणारी एनडीए, तिचा पायाभरणी दगड त्यांनी १९४९ मध्ये ठेवला. पाषाण रस्त्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा म्हणजे एनसीएल, जिचं उद्घाटन ३ जानेवारी १९५० ला झालं, देश प्रजासत्ताक व्हायला अजून तीन आठवडे होते. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट. यांची नावं सगळ्यांना पाठ आहेत.

मला मात्र पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स जास्त महत्त्वाची वाटते. पुण्यात तिला कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, एचए म्हणतात. न्यूमोनियाने पोरं दगावायची, पेनिसिलिन बाहेरून यायचं, ते सामान्य माणसाला परवडायचं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत घेऊन १९५४ मध्ये सरकारने ही कंपनी काढली आणि दुसऱ्या वर्षी पेनिसिलिन इथे तयार व्हायला लागलं. तेव्हा एमआयडीसीची औद्योगिक वसाहत नव्हती, पिंपरी हे गावच होतं. आज तिथून जाताना कुणी मान वळवूनही बघत नाही.

आता आजोबांचं पुढचं. पसरणीच्या घाटात ओरडून आलेल्या या गृहस्थांनी काही वर्षांनी धाकट्या भावाला खटपट करून एचएत चिकटवलं. मी एकदा विचारलं, नेहरूंना काळा झेंडा आणि नेहरूंच्याच कारखान्यात नोकरी, हे कसं? तर म्हणाले, "कारखाना काय त्यांच्या घरचा आहे? आपल्याच पैशाचा आहे." नेहरूंना त्यांनी शेवटपर्यंत माफ केलं नाही. ६२ साली चीनच्या युद्धात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा तर म्हणायचे, बघा, शेवटी निस्तरायला आमचाच माणूस लागला. चीनच्या बाबतीत त्यांचं चुकत नव्हतं. विश्वास नको तिथे ठेवला, सैन्याची तयारी नको तितकी लांबवली, ही जबाबदारी पंतप्रधानांचीच.

पण चीनवर सगळेच बोलतात. माझं नेहरूंशी खरं भांडण वेगळं आहे आणि त्यालाही पुण्याचाच संदर्भ आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी सांगितलं होतं, सरकारचा पैसा वरच्यांच्या उच्च शिक्षणावर जातोय, खालच्या पोरांना आधी प्राथमिक शिक्षण द्या, ते सक्तीचं करा. राज्यघटनेत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण दहा वर्षांत देण्याचा प्रयत्न करायचा, असं लिहिलं गेलं. मुदत १९६० ला संपली. आयआयटी झाल्या, प्रयोगशाळा झाल्या, त्यांचा मला अभिमानच आहे. पण १९६१ च्या जनगणनेत साक्षरता होती २८ टक्के. सतरा वर्षं सलग सत्ता, संसदेत प्रचंड बहुमत, शब्दाला एवढी किंमत, आणि तरी गावच्या शाळेच्या वाट्याला मास्तर आणि फळा पुरेसा का आला नाही? नेहरूंच्या बाजूने बोलणाऱ्या मित्रांनी याचं उत्तर द्यावं. 'इंग्रजांनी देश लुटून ठेवला होता' हे मी धरूनच चाललोय, त्याच्या पुढचं सांगा.